थेसालोनिकी मेट्रो : गाडी चांगलीच आहे, पण उतरायचं कुठे ते माहीत हवं

ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहराची मेट्रो ३० नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झाली. लांबी ९.६ किलोमीटर, स्थानकं १३, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १७ मिनिटं. नुसत्या आकड्यांवर गेलं तर ही एका मध्यम शहरातली छोटीशी भुयारी रेल्वे. पण तिचा मधला टप्पा एग्नातिया रस्त्याखालून जातो, आणि हा रस्ता रोमन नगररचनेतल्या मुख्य पूर्व-पश्चिम मार्गाच्या रेषेवरच आहे. मॅसिडोनियाचे राजे, रोमन, बायझंटाइन, थोडा काळ व्हेनिसवाले, मग जवळजवळ पाच शतकं ऑटोमन आणि १९१२ पासून ग्रीस, अशा सगळ्यांची रहदारी याच पट्ट्यावरून झाली. खोदकामात तीन लाखांहून जास्त पुरावस्तू निघाल्या. म्हणून वाहन म्हणून ती कशी आहे एवढ्यावर या सेवेची परीक्षा संपत नाही. जुनं शहर बघायला ती किती उपयोगी पडते, हेही बघावं लागतं.

आधी वाहनाबद्दल. गाड्या चालकाविना धावतात, डबे वातानुकूलित आहेत, फलाटाच्या कडेला काचेची सरकती दारं आहेत. त्यामुळे मुलं किंवा सामान घेऊन उभं राहायला धास्ती वाटत नाही. गर्दीच्या वेळीही पुढच्या गाडीसाठी फार थांबावं लागत नाही. चालकाची खोली नसल्यामुळे पहिल्या डब्याच्या पुढच्या काचेतून बोगदा सरळ दिसतो. लहान मुलांना ती जागा मिळवून द्यावी. सुरुवातीला ठरलेलं एका प्रवासाचं भाडं ६० सेंट, सवलतीचं ३० सेंट. तिकीट स्थानकातल्या यंत्रावर मिळतं आणि ते ७० मिनिटं चालतं. युरोपातल्या मेट्रोंच्या मानाने हा दर खूपच कमी आहे.

आता उणीव. ही एकच मार्गिका आहे आणि ती समुद्रापासून थोडी आत, किनाऱ्याला समांतर जाते. पर्यटकाला हव्या असलेल्या तीन जागी ती पोचत नाही: विमानतळ, किनाऱ्यावरचा पांढरा बुरूज आणि टेकडीवरचं वरचं शहर, म्हणजे आनो पोली. बुरुजाकडे आगिया सोफिया किंवा सिंत्रिवानी स्थानकावरून पायी जाता येतं, उताराचा सोपा रस्ता आहे. आनो पोलीची चढण मात्र उन्हाळ्यात पायी चढू नये. एलेफ्थेरियास चौकातून २३ नंबरची बस घ्यावी, बस वर सोडते आणि परत चालत उतरता येतं. कालामारिया या पूर्वेच्या उपनगराकडे ५ स्थानकांचा, ४.८ किलोमीटरचा फाटा आखलेला आहे, पण उद्घाटनाच्या दिवशी तो तयार नव्हता. निघण्याआधी नकाशावर तो उघडलाय का ते बघून घ्यावं.

ही मेट्रो इतकी का रखडली, हे समजलं तर स्थानकं बघायला जास्त मजा येते. पहिला प्रयत्न १९८० च्या दशकातला. महापौर सोतिरिस कुव्हेलास यांनी पालिकेच्या जोरावर खोदायला घेतलं, काम अर्धवट राहिलं, आणि तो खड्डा पुढे वर्षानुवर्षं ‘कुव्हेलासचा खड्डा’ म्हणून चेष्टेचा विषय झाला. सध्याच्या मार्गाचं काम २००६ मध्ये सुरू झालं. मधे ग्रीसचं आर्थिक संकट आलं, कंत्राटदारांशी तंटे झाले, आणि पुरातत्त्वाचा प्रश्न तर पहिल्यापासून होताच.

तो प्रश्न तांत्रिक अंगाने असा आहे. बोगदा खोदणाऱ्या यंत्रांमुळे जुन्या शहराला धोका नव्हता. दोन यंत्रांनी दोन समांतर बोगदे पाडले ते जमिनीच्या इतक्या खाली, की माणसाच्या वस्तीचे थर त्यांच्या डोक्यावर राहिले. पण स्थानकाचं तसं नसतं. स्थानकासाठी रस्त्यापासून फलाटापर्यंत अख्खी पेटी उभी खणावी लागते, आणि ती पेटी प्रत्येक थर कापत खाली जाते. वरती डांबर, त्याखाली १९१७ मध्ये शहराला लागलेल्या मोठ्या आगीची राख आणि राडारोडा, मग ऑटोमन बाजार, मग बायझंटाइन दुकानं, मग रोमन रस्ता. शहर २३०० वर्षं त्याच जागी राहिलं, हललं नाही, म्हणून मध्यभागी एकही पेटी मोकळी सापडली नाही. स्थानकांची जागा बदलावी तर प्रवासी कुठून येणार? चौक तिथेच, बाजार तिथेच, गर्दी तिथेच. रोमनांनी दुकानं जिथे थाटली तिथेच आजही लोक दुकानात जातात.

याचा कळस झाला वेनिझेलू स्थानकात. मेट्रोचं एकच स्थानक बघायचं असेल तर हेच बघावं.

इथे रोमन-बायझंटाइन हमरस्त्याचा ७० मीटरांहून लांब तुकडा निघाला. संगमरवरी फरशीचा रस्ता, दुतर्फा दुकानांच्या आणि कारागिरांच्या खोल्यांच्या भिंती, आणि त्या रस्त्याला काटकोनात छेदणारा दुसरा रस्ता. म्हणजे चौथ्या ते सहाव्या शतकांत घडलेला एक अख्खा चौक. वरती आज एग्नातिया आणि वेनिझेलू हे रस्ते एकमेकांना छेदतात तेही जवळपास तिथेच. फलाटाकडे उतरण्याआधीच्या मजल्यावर हे सगळं मांडलं आहे. घाईघाईने खाली जाऊ नका. कठड्याशी उभं राहून फरशीच्या कडा बघा: पायांनी आणि चाकांनी घासून गुळगुळीत झालेल्या, काही ठिकाणी दुरुस्तीसाठी मधेच वेगळ्या मापाचे दगड बसवलेल्या. हा दिखाव्याचा राजमार्ग नव्हता, रोज वापरून झिजलेला बाजाररस्ता होता, हे त्या ठिगळांवरून लगेच कळतं. वेळ सकाळी उशिराची किंवा दुपारची निवडावी. ऑफिसच्या वेळेत कठड्याशी थांबलं की मागून धक्के बसतात.

पण हे बघताना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. हे दगड तिथेच सापडले असले तरी आज ते उचलून परत बसवलेले आहेत. २०१३ पासून या चौकावर मोठा वाद पेटला. पुरातत्त्वज्ञ, विद्यापीठातले अभ्यासक आणि तेव्हाचे महापौर यानिस बुतारिस यांचं म्हणणं होतं की स्थानकाचा आराखडा बदला, चौकाला हात लावू नका. तसा आराखडा तयारही झाला. २०१९ मध्ये सरकार बदललं आणि निर्णय फिरला: अवशेष तुकडे करून हलवायचे, पेटी खणायची, छत घालून झालं की परत आणून जुळवायचे. प्रकरण ग्रीसच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयाने सरकारला वाट मोकळी करून दिली.

आमचं मत विरोधकांच्या बाजूचं आहे. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं ठरवणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचं सातवं कलम सांगतं की वास्तू तिच्या इतिहासापासून आणि जागेपासून तोडता येत नाही. तिच्या बचावासाठी गरज असेल किंवा अत्यंत महत्त्वाचं राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल तेव्हाच ती हलवावी. इथे न हलवताही स्थानक बांधायचा इलाज कागदावर आखून तयार होता. रस्ता उचलला की फरशी वाचते, पण फरशीखालची माती, जुना भराव, दोन थरांमधला सांधा हे सगळं जातं, आणि कोणता दगड कोणत्या काळात बसवला हे ठरवण्याचा पुरावा बराचसा त्या मातीतच असतो. आज त्या संगमरवराखाली स्थानकाचं काँक्रीट आहे. जुळवणीचं काम मात्र काळजीने झालं आहे, हे मान्य करावंच लागेल. प्रत्येक तुकडा नोंदवून, क्रमाने परत लावलेला आहे. आणि सामान्य प्रवाशाला रोज कामावर जाताना सहाव्या शतकातला चौक दिसतो, ही गोष्ट फार थोड्या शहरांच्या नशिबी आली आहे.

वेनिझेलूतून वर आलात की लगेच निघू नका. त्याच चौकाच्या कडेला हम्झा बेची मशीद आहे, १४६७-६८ ची, एका ऑटोमन सरदाराच्या मुलीने बांधवलेली. विसाव्या शतकात तिचं सिनेमागृह झालं होतं. एग्नातियावरून पूर्वेला चार पावलं चाललं की पानागिया हाल्केओन हे विटांचं लहानसं चर्च लागतं, १०२८ चं. तांबटांच्या गल्लीतलं म्हणून ऑटोमन काळात ते तांबटांची मशीद झालं, आणि आजही आसपास भांड्यांची दुकानं आहेत. त्याच्या पलीकडे बे हमाम, १४४४ चं, ऑटोमन सुलतान दुसऱ्या मुरादाने बांधलेलं सार्वजनिक न्हाणीघर. ते १९६८ पर्यंत चालू होतं. तिन्ही वास्तू एकमेकींपासून पायी काही मिनिटांवर. हाल्केओनच्या मागच्या मोठ्या मैदानात रोमन फोरम, म्हणजे रोमन काळातला नगरचौक आहे. १९६० च्या दशकात तिथे न्यायालयाची इमारत बांधायला घेतली होती. पाया खणताना फोरम निघाला आणि न्यायालय दुसरीकडे गेलं. मेट्रोच्या वेळी झालेली भांडणं या शहराला नवी नव्हती, ती अशी.

पोटपूजेसाठी दक्षिणेला कापानीचा बाजार आणि मोदियानो मंडई आहे. मोदियानो १९२० च्या दशकात, आगीत जळालेल्या भागावर उभी राहिली. एली मोदियानो या ज्यू वास्तुविशारदाचं काम. २०२२ मध्ये दुरुस्त होऊन ती परत उघडली, आणि आता तिथे खाण्याचे ठेले जास्त, भाजी-मासे कमी. खरी खरेदी करायची तर कापानीत जावं, तेही सकाळी. रविवारी बाजार बंद असतो.

पुढचं स्थानक आगिया सोफिया. इथल्या खोदकामात संगमरवरी चौक, कारंज्याची वास्तू, चौथ्या शतकातल्या मोझेइकच्या जमिनी आणि डोकं नसलेला अफ्रोदिते देवीचा पुतळा सापडला. पण या स्थानकाचं मोल आमच्या दृष्टीने त्याच्या जागेत आहे. दक्षिणेला आगिया सोफियाचं चर्च, आठव्या शतकातलं, घुमटात स्वर्गारोहणाचं मोझेइक. उत्तरेला दोन मिनिटांवर आखिरोपिइतोसचं चर्च. बहुतेक पर्यटक पहिलं बघून दुसरं सोडतात. आम्ही उलट सांगू: वेळ एकाच वास्तूपुरता असेल तर आखिरोपिइतोस बघा.

कारण सत्तांतराचा सगळा हिशेब त्या एका इमारतीत आहे. चर्च पाचव्या शतकातलं, एका रोमन न्हाणीघरावर बांधलेलं. उत्तरेकडच्या बाजूला जमिनीत त्या जुन्या इमारतीचं मोझेइक उघडं ठेवलं आहे. १४२३ मध्ये बायझंटाइनांनी ऑटोमनांच्या वेढ्याला कंटाळून शहर व्हेनिसच्या ताब्यात दिलं. व्हेनिसला ते सात वर्षंच राखता आलं. २९ मार्च १४३० रोजी दुसऱ्या मुरादाने शहर जिंकलं आणि मशीद केलेलं पहिलं चर्च हेच. उत्तरेच्या खांबांच्या रांगेत एका खांबावर अरबी लिपीत कोरलेलं आहे: सुलतान मुरादाने थेसालोनिकी घेतली, हिजरी ८३३. शोधावं लागतं, चटकन दिसत नाही. पूर्वेकडून मोजत आलं तर आठवा खांब. कमानींच्या आतल्या बाजूला पाचव्या शतकातली मोझेइकची वेलबुट्टी आहे, ती या कोरलेल्या ओळीच्या वर शाबूत आहे. पुढे १९२२-२३ मध्ये आशिया मायनरमधून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा याच इमारतीत कुटुंबं राहिली. आज ते परत चर्च आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि दुपारी ते बंद असतं, म्हणून सकाळीच गाठावं.

सिंत्रिवानीला उतरलं की १८८९ चं ऑटोमन कारंजं समोर दिसतं. थोडं मागे, पश्चिमेला चाललं की कामारा, म्हणजे रोमन सम्राट गॅलेरियसची कमान, आणि तिच्या वरच्या बाजूला रोटोंडा ही गोल वास्तू. इथे आधी कमान बघावी. उरलेल्या खांबांवर पट्ट्यापट्ट्यांनी कोरीव काम आहे: २९८ मध्ये पर्शियाचा राजा नरसेह याच्यावर मिळवलेला विजय, त्यात हत्ती-उंटसुद्धा. वाहनांच्या धुराने दगड खूप झिजला आहे; सकाळचं तिरकं ऊन असेल तेव्हाच आकृत्या उठून दिसतात. रोटोंडाचा आतला व्यास सुमारे २४.५ मीटर आणि भिंतींची जाडी ६ मीटरांहून जास्त. एवढ्या जाड भिंती होत्या म्हणूनच सतराशे वर्षांचे भूकंप त्याने झेलले, जरी १९७८ च्या भूकंपात तडे गेलेच. रोमन वास्तू, मग चर्च, १५९१ च्या सुमारास मशीद, १९१२ नंतर पुन्हा चर्च आणि संग्रहालय. बाहेरचा मिनार शहरात शाबूत राहिलेला एकमेव. बाकीचे ग्रीक सत्ता आल्यावर पाडले गेले.

पुढचं पानेपिस्तिमिओ, म्हणजे विद्यापीठ. या स्थानकात उतरून विद्यापीठाच्या आवारात जाणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असली पाहिजे. हे आवार ज्यूंच्या जुन्या दफनभूमीवर आहे. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंना ऑटोमन सुलतानाने आसरा दिला आणि पुढची चार शतकं हे बंदर त्यांच्या जोरावर चाललं. १९१२ मध्ये ग्रीक सैन्य आलं तेव्हाही शहरात सर्वांत मोठा समाज त्यांचाच होता. दफनभूमीत तीन लाखांहून अधिक कबरी होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये, जर्मन ताब्याखाली, ती उद्ध्वस्त केली गेली आणि कबरींचे दगड बांधकामाला, फरसबंदीला वापरले गेले. मार्च ते ऑगस्ट १९४३ मध्ये जवळपास ४६ हजार ज्यू माणसं मालगाड्यांत भरून आउशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत नेली गेली. विद्यापीठाच्या आवारात स्मारक उभारलं गेलं ते २०१४ मध्ये. स्थानकाच्या नावावरून यातलं काहीच कळत नाही.

त्या मालगाड्या सुटल्या ते जुनं रेल्वे स्थानक मेट्रोच्या पश्चिम टोकाजवळ आहे. मेट्रोचं पहिलं स्थानक ‘नवं रेल्वे स्थानक’. त्याच्या पश्चिमेला जुन्या यार्डाचा भाग. १९४३ मध्ये त्याला लागूनच्या बॅरन हर्श वस्तीला कुंपण घालून तिथे लोकांना गाडीत चढवेपर्यंत कोंडलं होतं. याच बाजूला मोनास्टिर रस्त्यावर पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांची स्वतंत्र दफनभूमी आहे, दहन झालेल्यांच्या स्मारकासह. १९१५ पासून इथे दोस्त राष्ट्रांची मोठी युद्धआघाडी होती, आणि भारतीय तुकड्या तिथल्या चाकरीत होत्या. मराठी प्रवाशाने तिथे जाऊन यावं असं आम्हाला मनापासून वाटतं; मेट्रो तिथपर्यंत जात नाही, टॅक्सी करावी लागते.

पापाफीपासून नेआ एल्वेतिआपर्यंतची स्थानकं रहिवासी भागातली आहेत. पर्यटकाला तिथे उतरण्याचं फारसं कारण नाही, आणि स्थानिकांना या पट्ट्याचाच सर्वांत जास्त उपयोग आहे, कारण एग्नातियावरच्या बस नेहमी खोळंबतात. एक अपवाद: याच भागात समुद्राच्या बाजूला विला आलातिनी आहे, गादीवरून उतरवलेला सुलतान दुसरा अब्दुल हमीद याला १९०९ ते १९१२ जिथे नजरकैदेत ठेवलं होतं ती हवेली. बाहेरूनच बघायची. आणि शेवटच्या टोकाला, पिलेआच्या डेपोच्या जागी, शहर स्थापन होण्याआधीची, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातली काटकोनी रस्त्यांची वस्ती सापडली. थेसालोनिकी वसवली मॅसिडोनियाच्या कासांद्रोसने, ख्रिस्तपूर्व ३१५ च्या सुमारास, आजूबाजूची गावं एकत्र करून. त्यातलंच एक गाव हे असावं, असा तर्क साहजिक आहे.

एका दिवसाचा क्रम विचाराल तर सकाळी सिंत्रिवानीला उतरून कमान आणि रोटोंडा, तिथून एग्नातियाने पश्चिमेला चालत आखिरोपिइतोस, मग फोरम आणि बे हमाम, आणि दुपारी वेनिझेलू स्थानकात शिरून मेट्रोने परत. उलट क्रमाने गेलं तर चर्च बंद मिळतं आणि कमानीवरचं ऊन गेलेलं असतं. एकेरी तिकिटं दोनच लागतात. दिवसाचा पास घेण्यात फायदा नाही. विमानतळावरून येताना ०१एक्स ही बस शहराच्या मध्यभागातून रेल्वे स्थानकापर्यंत जाते, रात्री तीच ०१एन होते. सामान कमी असेल तर मधेच एग्नातियावर उतरून पुढे मेट्रो घ्यावी, कारण संध्याकाळी मध्यभागात ती बस गाड्यांच्या रांगेत अडकते.